चारच्या सुमाराला तीन बार

१६ ऑगस्ट १९८७, रविवार

आलो एकदाचा! नेब्रास्काची सपाटी सोडून वायोमिंगच्या डोंगरात राहायला जायचं, असं दहा वर्षं घोकत होतो. बायको होती तोवर जमलं नाही, ती सोडून गेल्यावर जमलं. लाकडाच्या वखारीत नोकरी मिळाली आणि नेडीनबाईंच्या गॅरेजवरची खोली. खिडकी उघडली की समोर डोंगर. बाई साठीच्या, काटक, दोन खेचरं बाळगून आहेत. सामान चढवताना माझी बंदूक पाहून म्हणाल्या, एल्कसारखं मोठं हरीण मारतोस की नुसती मिरवतोस? मारतो म्हटलं. मग आपलं जमेल, म्हणाल्या, आणि संध्याकाळी मांसाचा रस्सा आणि मक्याचा पाव घेऊन स्वतः जिना चढून आल्या. फार दिवसांनी पोटभर जेवलो.

२३ ऑगस्ट

वखारीतला ऑर्व्हिल म्हणजे सत्तरीचा चालता-बोलता रेडिओ. म्हणे, तुम्ही सपाटीवाले गाडीपासून हाकेच्या अंतरावर बसता आणि जनावर दिसत नाही म्हणून गळे काढता. सरकारी जंगल सगळ्यांचं, म्हणून गर्दी पहिल्या दोन मैलांत. एल्क काही खुळा नाही, तो तिसऱ्या मैलापुढे राहतो. मग बोट नाचवत शिकवणी सुरू: वर पाय मोडला, वाट चुकली, तर ओळीनं तीन बार काढायचे. ज्याला ऐकू येतील त्यानं एक बार काढून उत्तर द्यायचं आणि हातातलं टाकून धावायचं. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणाला. मलाही ठाऊक आहे, मी म्हटलं.

त्याच्याच तोंडून कळलं, नेडीनबाईंचा नवरा गेलन दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात काळ्या खोऱ्यात शिकारीला गेला तो परतलाच नाही. पंधरा दिवस माणसं शोधत होती. टोपीसुद्धा मिळाली नाही.

त्या ऑक्टोबरात मीही नेब्रास्काहून काळ्या खोऱ्यात शिकारीला आलो होतो. पण बोललो नाही. शेकडो लोक येतात तिथे, आपण कशाला मध्ये तोंड घालायचं!

६ सप्टेंबर

आज बाईंनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. मला वाटलं, कुठल्या जवळच्या दरीत पाठवतील. त्यांनी बोट ठेवलं ते काळ्या खोऱ्यावर. म्हणाल्या, गेलनचा बेत अर्धाच राहिला, तू पुरा कर. खाली ओढ्याकाठी तंबू ठोकून मी खेचरं घेऊन थांबते. तू वर जा, नर एल्क पाड, आणि जाता-येता खडकांच्या सांदीत डोकावत राहा. बाकी काही नको. हाडं मिळाली तरी चालतील रे, पुरायला काहीतरी हवं.

नाही म्हणायला तोंड होतं का मला? बसलो बेत आखत. पहाटे वारा डोंगरावरून खाली वाहतो, ऊन चढलं की उलटा फिरतो. म्हणून अंधारातच उत्तरेच्या दाट झाडीच्या वर पोचायचं आणि वारा फिरला की तो तोंडावर घेत खाली उतरायचं. घोड्याएवढं जनावर, त्याचे चार भाग करून खाली आणायला माणसाला दोन दिवस लागतात, खेचरांना अर्धा. बाईंना सगळं पाठ आहे. दोन वर्षांनी पहिल्यांदाच हसल्या असतील असं वाटलं.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. त्या वर्षी मी तीन बार ऐकले होते. दुपारी चारच्या सुमाराला, पलीकडच्या कड्याकडून. वाटलं, कोणीतरी कळपावर झाडतोय. कोणालाही तसंच वाटलं असतं.

२० सप्टेंबर

पिठाच्या कोऱ्या पोत्यांतून मांस बांधायच्या पिशव्या शिवत अंगणात बसलो होतो. चार वाजले असतील. डोंगरावरून तीन बार. हंगाम अजून सुरू नाही. खेचरांनी कानसुद्धा हलवला नाही. शेजारचा माणूस गवत कापत होता, त्यानंही मान वर केली नाही.

खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

२७ सप्टेंबर

आठवडाभर रोज. वखारीत करवतीच्या आवाजातूनही ऐकू आले. ऑर्व्हिल म्हणाला, तोंड का असं पांढरंफटक, सपाटीवाल्याला उंची बाधली वाटतं! सगळे हसले. मीही हसलो.

आवाज जवळ येतोय. आधी डोंगरापलीकडचा वाटायचा, आता अलीकडच्या उतारावरचा.

बाईंनी गेलनचा लोकरी सदरा मला दिला. वर थंडी असते, म्हणाल्या. अंगाला बरोब्बर बसला. लाज वाटली मला, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४ ऑक्टोबर

खरं लिहितो. निदान इथे तरी.

तीनच बार नव्हते. तीन, मग तीन, मग पुन्हा तीन. मध्ये सारखंच अंतर, कोणी श्वास मोजून काढावेत तसे. एल्कवर असं कोणी झाडत नाही. मला पहिल्याच वेळी कळलं होतं.

सकाळी मी नर पाडला होता, आयुष्यातला पहिला. ऊन कडक होतं, मांस नासलं असतं. मांस नासवणं हे आमच्यात पाप, असं मनाशी म्हटलं आणि मागची मांडी खांद्यावर टाकून उतरलो. मांस गाडीत टाकून मग सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या खेपेला बार थांबले होते. वाटलं, मिळाली असेल त्याला मदत. थेट घरी गेलो. पुढं पेपरात शिकारी हरवल्याचं वाचलं, तेव्हा सांगायची वेळ निघून गेली होती. म्हणजे निघून गेली असं मी ठरवलं. ते मांस हिवाळाभर खाल्लं.

बाईंना सांगायलाच हवं. वर जायच्या आधी.

९ ऑक्टोबर, ओढ्याकाठचा तंबू

नाही सांगितलं.

आज चारला बार झाले. अगदी वरच्या कड्यावरून. बाई कॉफी ओतत होत्या, त्यांचा हात थांबला. कॉफी सांडली. मग त्या आपणहून बोलल्या. गेलन गेल्यापासून रोज याच वेळेला तीन बार ऐकू येतात त्यांना. पहिलं वर्षभर प्रत्येक वेळी खेचर काढून धावल्या. एकदा बर्फात पायाची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, तो तुमच्या मनाचा आवाज आहे, त्याला ओ देऊ नका. तेव्हापासून कान दाबून बसतात.

मग माझ्याकडे टक लावून विचारलं, तुला आले का रे ऐकू? आत्ता?

मी नाही म्हटलं.

त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस. म्हणजे डॉक्टर खरं बोलतात.

१० ऑक्टोबर, सकाळ

निघतोय. दोन रात्री वरच काढीन, काळजी नको, असं सांगितलंय. परत आल्यावर सांगणार. गेलनची शपथ.

१० ऑक्टोबर, दुपार

एल्क दिसले. बंदूक उचलली नाही. चारला बार झाले, इतके जवळ की बंदुकीच्या दारूचा वास आला. त्या दिशेनं धावलो. ह्या वेळी तरी—

खडक सरकला. उजवा पाय मांडीपर्यंत दोन धोंड्यांमध्ये. हाड दिसतंय. पट्टा आवळलाय, रक्त थांबत नाही.

सांदीत माझ्याशेजारी दुसरी बंदूक. गंजलेली. नऊ रिकामी काडतुसं. शिकाऱ्याच्या नारिंगी जाकिटाची चिंधी, आत हाडं.

इथून माझी ती वाट दिसते. मांस घेऊन उतरलो ती. गेलनला मी दिसत होतो—

साडेचार

तीन बार काढले. तंबू खाली स्पष्ट दिसतो, दुर्बिणीतून. बाई बाहेर आल्या. वर पाहिलं. थेट इकडे.

मग दोन्ही कानांवर हात ठेवले आणि आत गेल्या.

पुन्हा तीन काढले. ओरडलो. खेचरांनी माना वळवल्या— खेचरांनी वळवल्या! बाई, खेचरांकडे बघा—

तंबूचं दार आतून बांधून घेतलं त्यांनी.

बर्फ सुरू झालंय. दोन गोळ्या उरल्या. दोनला कोण येतं

बाई, मी खोटं बोललो. मलाही ऐकू येत होते. रोज. तुमच्या मनाचा नव्हता तो आवाज, त्या दिवशीसुद्धा मी ऐक