शुक्रवारची बस

३१ ऑगस्ट २००६, गुरुवार
गावचं साप्ताहिक आलं. पहिल्या पानावर मोर. कुणाचा तरी पाळलेला मोर पळून पबच्या छपरावर जाऊन बसला, त्याचा रंगीत फोटो आणि पबवाल्याची मुलाखत. मोराची तेवढी राहिली. आत, कुणाच्या बागेतला शोभेचा सिमेंटचा बुटका चोरीला गेल्याची बातमी, पोलिस तपास चालू. बुजगावण्यांच्या स्पर्धेचा निकाल, अर्धं पान. आणि अगदी मागे, जुन्या गाद्यांच्या जाहिरातीखाली चार ओळी: वॉटफर्डला जाणारी मंगळवार-शुक्रवारची बस कौन्सिल बंद करण्याच्या विचारात. वापर कमी.
वापर करणारी मी. म्हणजे ही बातमी माझीच होती. मोराखाली तरी छापायची.

२ सप्टेंबर, शनिवार
निखिलला बसचं सांगितलं. लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "आई, भाजी काय, सगळं ऑनलाइन मागवता येतं." मी बटाटे आणायला वॉटफर्डला जाते असं माझ्या मुलाला तीन वर्षं वाटतंय.
गौरी, सूनबाई, मनाने बरी. म्हणाली, शनिवारी मी सोडेन ना तुम्हाला. शनिवारी माझ्या मैत्रिणीची, वॉटफर्डच्या कांबळेबाईंची, दुपारपासून दुसऱ्या दिवशीच्या बुद्धवंदनेची तयारी असते, हॉल झाडण्यापासून. त्यांना फक्त शुक्रवार मोकळा. तसं सांगितलं. गौ. "ओके" म्हणाली. या घरात ओके म्हणजे विषय संपला.
लंडनमध्ये एजवेअरला होतो तेव्हा खाली उतरलं की चार माणसं भेटायची. इथे मोठी बाग आहे. बागेशी किती बोलणार.

८ सप्टेंबर, शुक्रवार
बसमध्ये मी, डेरेक (ड्रायव्हर), आणि कुत्रा घेतलेल्या एक बाई, ज्या पुढच्या फाट्यावर उतरतात. डेरेक म्हणाला, तुमच्यामुळे माझी नोकरी आहे. विनोद होता. दोघंही हसलो नाही.
कांबळेबाई शॉपिंग सेंटरमधल्या नेहमीच्या टेबलाशी. पर्समधून ठेच्याची बाटली काढून कॅफेच्या चीज टोस्टवर उघड उघड फासतात. इथल्या हॉस्पिटलात पंचवीसेक वर्षं नर्स होत्या, कुणाला भीत नाहीत. नागपूरच्या त्या, पुण्याची मी. तिकडे आमची गाठ पडली नसती. मधे बरंच काही आलं असतं. इथे मधे टोस्ट असतो.
बसचं ऐकून म्हणाल्या, "अर्ज लिहू नका सबनीसबाई. तुमचा अर्ज सुंदर असेल, ते फाइलला लावतील. माणसं आणा. माणसं दिसली की साहेब खुर्चीत सरळ बसतो."
"आमच्या गावात माणसं गाडीच्या आत असतात," मी म्हणाले.
"मग बाहेर काढा."

१४ सप्टेंबर, गुरुवार
गावच्या हॉलमध्ये सभा. शेजारची मार्गरेट अध्यक्ष. ही बाई गावातल्या प्रत्येक गोष्टीची अध्यक्ष आहे, खारींना दाणे घालण्याचीही कमिटी असेल. एकामागून एक उठले: बस म्हणजे गावाचा प्राण, आमच्या आईने याच बसने पोरं शाळेत नेली. डोळे पुसणंसुद्धा झालं. शेवटचं कधी बसलात, असं कुणी कुणाला विचारलं नाही.
मी उठले. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी शिकवलं तसं पाठ ताठ ठेवून, हात पुढे बांधून. म्हणाले, मला गाडी येत नाही. आठवड्यातून एक दिवस मला माझ्या भाषेत बोलायला मिळतं, तो ही बस नेते म्हणून. बस गेली की तो दिवस गेला. टाळ्या पडल्या. मागच्या बाई हळूच म्हणाल्या, किती सुंदर इंग्रजी बोलता हो तुम्ही. चाळीस वर्षं पुण्याच्या कॅम्पातल्या कंपनीत साहेबांच्या इंग्रजीतल्या चुका सुधारल्या, हे त्यांना कुठलं माहीत. काय बोलले ते मात्र कानापर्यंत गेलं नसावं.
कौन्सिलचे गृहस्थ म्हणाले, महिनाअखेरच्या आठवड्यात आमचा माणूस बसमध्ये बसून उतारू मोजेल, त्यावर निर्णय. मी लगेच म्हणाले, मग त्या मंगळवारी आणि शुक्रवारी सगळ्यांनी बसने जाऊ या. "व्हॉट अ मार्व्हलस आयडिया," मार्गरेट म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं काम.

२६ सप्टेंबर, मंगळवार
मोजणारा मुलगा दारामागे, हातात टकटक करायचं यंत्र. मी चढले: एक. कुत्रेवाल्या बाई: दोन. कुत्रा धरतात का विचारलं. नाही.
बाकी गाव दिसलं की. प्रत्येक जण गाडीतून हात करत गेला. मार्गरेटने तर बसला ओव्हरटेक करून हॉर्न वाजवला, अंगठा दाखवला. लढा चालू ठेवा, असा अर्थ असावा.

२९ सप्टेंबर, शुक्रवार
पाऊस. एक. कुत्र्याला सर्दी.

१९ ऑक्टोबर, गुरुवार
बस बंद. शेवटची फेरी पुढच्या शुक्रवारी.
संध्याकाळी मार्गरेट दारात, डोळ्यांत पाणी. म्हणाली, असं कसं होऊ शकतं. मी म्हणाले, तुम्ही बसला नाहीत म्हणून. ती माझ्या दंडावर थोपटून म्हणाली, "माय डिअर, आपण सगळेच खूप अपसेट आहोत." आणि केक कुणी काय करायचा ते विचारलं. शेवटच्या फेरीला निरोप समारंभ आहे. मला लिंबाचा, लेमन ड्रिझल.
केला नाही.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार
लिहायचं नव्हतं. लिहिते.
स्टॉपवर सबंध गाव. पताका. बसच्या नाकाला काळी फीत. शाळेतली पोरं, ब्यांड, थर्मास घेतलेले कुठून कुठून आलेले बसवेडे, इंजिनाचा नंबर टिपून घेतायत. एका म्हाताऱ्याने कोटाला मेडलं लावली होती. साप्ताहिकाचा फोटोग्राफर हजर. मोर सापडला असावा. रांग चर्चपर्यंत. शिस्तीत, अर्थातच. मी नेहमीच्या वेळेला आले आणि रांगेत शेवटी उभी राहिले.
दाराशी पोचले तेव्हा बस भरली होती. आत उभ्यानेही जागा नाही. डेरेकचा चेहरा पडला. म्हणाला, "सॉरी लव्ह, कायद्याने एकही जास्त घेता येत नाही." आतल्या लोकांकडे वळून बघितलं त्याने. सगळे माझ्याकडे बघून प्रेमाने हसत होते. कुणी उठलं नाही, कारण प्रत्येकाला शेवटचं बसायचं होतं. काहींना पहिलंही.
बस वाजतगाजत गेली. मी, पताका आणि उरलेले केक.
कांबळेबाईंना फोन केला. त्या टेबलाशी वाट बघत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दवाखान्यात कुणी फिरकलं नाही आणि मयताला सगळे."
मला हसू आलं, मग थांबेना. मग ते हसू राहिलं नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार
अखेर बसला पहिलं पान. पानभर फोटो. कोपऱ्यात मी, कोटाखाली हिरवी साडी. खाली मजकूर: लाडक्या बसला निरोप देताना आनंदी गावकरी. गौ. ने कापून फ्रिजवर लावलाय. नि. म्हणाला, वा आई, फेमस.
त्याला म्हणाले, उद्या मी वॉटफर्डला जाणार आहे. "कशी?" म्हणाला. ओके नाही म्हणाला, एवढं तरी.

३ नोव्हेंबर, शुक्रवार
हमरस्त्यावरून दुसरी बस जाते. तिथवर चालत. फुटपाथ नाही, दोन्हीकडे काटेरी कुंपण, मधून गाड्या. चपलांऐवजी गौ. चे बूट, साडी घोट्याच्या वर खोचलेली. पुण्यात कुणी पाहिलं असतं तर रजा घेऊन बघायला आले असते.
अर्ध्या वाटेवर मार्गरेटची गाडी थांबली. काच खाली. "अगं, कुठे निघालीस अशी? बस हवी होती तर बोलायचं नाही का?"
मी म्हणाले, "बोलले होते. तुम्ही टाळ्या वाजवल्या."
तिने शेजारच्या सीटवरची पिशवी मागे टाकून दार उघडलं. बसले. पायांना विचारलं असतं तर त्यांनीही तेच सांगितलं असतं. वाटेत तिला विचारलं, पुढच्या शुक्रवारी? म्हणाली, "वी'ल सी." परतीचं ती बोलली नाही, मी काढलं नाही.
हे कांबळेबाईंच्या स्वयंपाकघरात लिहितेय. आज कॅफे नको म्हणाल्या, घरीच चला. तिसरा मजला. त्या वांगी चिरतायत. काळोख पडायला लागलाय. निखिलचा फोन दोनदा वाजून गेला.
"फोन घ्या नाहीतर बंद करा," त्या म्हणाल्या. "वाजत ठेवू नका."
बंद केला.
मग मागे न वळताच म्हणाल्या, "मागची खोली रिकामी आहे. पुस्तकं आहेत नुसती. ती हलवता येतात."
आज रात्रीपुरतं म्हणतायत की कसं, विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. फोडणी पडली. मी अजून कोट काढलेला नाही.