अस्तरातले खिसे

३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. तू कसा आहेस, हे विचारायला जीभ रेटत नाही.

वि. वि. निकालाच्या दिवशी कोर्टात मी शेवटच्या बाकावर होतो. तुझा कोट टेबलावर होता, अस्तर उसवलेलं, शेजारी गर्दच्या, नशेच्या पुड्या. खिसे तूच शिवलेस, असं तू सांगितलंस. माझा टाका मी दहा हातांवरून ओळखतो. तरी खाली मान घालून बसलो.

खिशाला तोंड नको, असं तू म्हणालास तेव्हाच मला उमगलं होतं. तीस वर्षं शिवतोय. असा खिसा कोणी रुमालासाठी शिवून घेत नाही. विचारलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही. हल्ली देवापुढे हात जोडतो, पण वर बघवत नाही.

जपून राहा.
तुझा,
दादा

१४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. इथे पत्रं फोडून वाचतात, हे तुला कोणी सांगितलं नाही का? नशीब, तुझं अक्षर शिपायाला लागलं नाही.

ज्याला सदऱ्याचं बटण लावता येत नाही, त्याने चार खिसे शिवले हे कोर्टाला पटलं. शिंप्याच्या पोटी जन्मल्याचा एवढा तरी उपयोग. आता गप्प बस. पुड्यांचं वजन जास्त भरलं म्हणून मला दहा वर्षं. कायद्यात मदत करणाराही तितकाच दोषी. तू आत आलास तर आईकडे कोण बघणार? पुड्या माझ्या, लाजही माझीच राहू दे.

लोभ आहे तेवढा ठेव, पत्रं मात्र कमी लिही.
धाकटा

२५ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. हेही पत्र फोडतील, म्हणून या वेळी अक्षर सुवाच्य काढलंय. चारही खिसे मी शिवले, आणि कशासाठी ते ओळखून शिवले. उद्या पोलिसांकडे जबाब द्यायला जातोय. वकील म्हणाले, याने भावाची शिक्षा कमी होणार नाही. मी म्हटलं, त्यासाठी जातच नाही. ताई येऊन आईजवळ राहील.

आईला काल सांगितलं. ती म्हणाली, एकाने केलं, दुसऱ्याने झाकलं, मी रागावू तरी कोणावर? थोड्या वेळाने तिनेच विचारलं, तिथे सख्ख्या भावांना एका खोलीत ठेवतात का. तुला माहीत असेल तर तिला कळव.

माया आटू देऊ नकोस.
तुझा,
दादा