सिलिंडर नको, अक्का

देवपूर, धुळे
९ मार्च २०२५

ती. सौ. अक्कास,
नमस्कार. इकडे सगळे ठीक. ऊन आत्तापासूनच तापायला लागलंय. चोपड्याला तुमच्या केळीला पाणी पुरतंय ना? दाजींचा गुडघा कसा आहे ते कळव.

तुझ्या कामिनीला आपल्या आबांची माशांची टाकी हवी आहे, झाडांसकट, आणि त्या झाडांना कार्बन कोणता द्यायचा, असं तू विचारलंस. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस.

तीन तऱ्हा आहेत. बाटलीत साखर आणि यीस्ट घातलं की कार्बन डायऑक्साइड आपोआप तयार होतो. स्वस्त, पण कधी कमी, कधी जास्त. दुसरं, बाटलीतलं पातळ औषध मिळतं. ते रोज मोजूनच घालायचं, जास्त झालं तर मासे मरतात. तिसरा सिलिंडर. झाडं त्यानेच सगळ्यात जोमात वाढतात. आबांकडे तोच होता. पण कामिनीच्या खोलीत सिलिंडर ठेवू नकोस. बंद खोलीत तर मुळीच नको.

का, ते लिहायला तीनदा बसलो आणि उठलो.

जानेवारीत, आबांच्या शेवटच्या संध्याकाळी, मी जळगावहून सिलिंडर भरून आणला आणि त्यांच्या उशाशी टाकीला बसवला. वायसर जुनाच घातला. बारीक फुसफुस येत होती. आबा म्हणाले, "किरण, हाऊ कसाना आवाज शे?" मी म्हटलं, पंप आहे, झोपा. थंडी होती म्हणून खिडकीही मीच लावली.

सकाळी गेलो तर सगळे मासे पाण्यावर, तोंडं उघडून. आबांचंही तोंड तसंच. सिलिंडरचा काटा शून्यावर. मी आधी खिडकी उघडली. मग सिलिंडर काढून मागच्या पडवीत ठेवला. आणि मग रत्नाला हाक मारली.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मी मान हलवली.

बाराव्याला तू विचारलंस, एवढ्या थंडीत आजारी माणसाची खिडकी उघडी कुणी ठेवली? मी रत्नाचं नाव घेतलं. तेव्हापासून तू भावजयीशी बोलत नाहीस. तिने ते ऐकून घेतलं.

अजून एक. सिलिंडर मी केव्हाच भंगारात दिला. नळी मोकळी लोंबते आहे. तरी बुडबुडे मोजायच्या त्या छोट्या काचेत दुपारी एकेक बुडबुडा वर जातो. हळू. मग बराच वेळ थांबतो, मग दोन-तीन घाईने. गेल्या वर्षी आबांचा श्वास कसा चालायचा, ते तुला माहीत आहे. काल मी समोर बसून मोजत होतो. रत्ना दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मोजू नका. बुडबुडा थांबला की तुमचाही श्वास थांबतो."

टाकी न्यायची की नाही, तू ठरव. कार्बन न देताही झाडं जोमात आहेत. पोरीला यातलं काही सांगू नकोस. रत्नाला मात्र फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

तुझा म्हणवून घ्यायची हिंमत नाही, म्हणून नुसताच
किरण