उंदराला कोण विचारणार?

प्रिय कारभारी,

व्हय, मीच. अक्षर तुमच्या नातीचं, सारिकेचं; बोलतेय मी. मला लिहायला येत न्हाई, तुमाला वाचायला येत नव्हतं, तेव्हा फिट्टंफाट! पण पोरगी परवा पुण्याहून घरी पालीला आली ती सगळं सामान घेऊनच. नोकरी सोडते म्हणतेय. हिचा आजा असता तर दोन शब्द बोलला असता, म्हणून तुमाला बसवलंय समोर.

तुमाला काय झालं होतं, ते आता मला कळलंय बरं का. मेंदूतल्या शिरेला फुगवटा आलेला, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. तो फुटला. आणि तुमी काय म्हणालात? "ऊन लागलंय, रुमाल बांध डोक्याला." मेंढरं कोंडल्याशिवाय टेम्पोत बसायला तयार न्हाई! कापूरहोळचा दवाखाना पण गाठू दिला न्हाईत. एवढी कसली घाई होती हो?

सारिका पुण्याच्या प्रयोगशाळेत त्याच दुखण्यावर काम करते. जित्या माणसाचं डोकं उघडून फुगा कसा वाढतो ते बघता येत न्हाई. म्हणून उंदराच्या मेंदूत तसला फुगा आणतात. गुंगी देऊन गळ्यातली शीर बांधायची, मिठाचं पाणी पाजून रक्ताचा दाब चढवायचा, शिरेची भिंत सैल करणारं औषध टोचायचं. मग कुणाचा फुटतो, कुणाचा तसाच राहतो, कुठल्या औषधानं थांबतो, ते बघायचं. शेवटी गुंगीतच त्याला संपवून मेंदू काढायचा. आतापर्यंत ही नुसतं त्यांचं खाणंपिणं बघायची. आता तिथले सर म्हणतात, सगळं हिनंच करायचं.

"मग? मेंढपाळाची नात तू," मी म्हणलं. "घरात कधी मटण शिजलं न्हाई का?"

"आज्जी, आपल्यात बकऱ्याला विचारतात तरी. मी उंदराला काय विचारू?"

अगदी तुमचंच बोलणं की हो! तुमी असता तर साखर वाटली असती.

आठवतं, जत्रेला बकऱ्यावर पाणी शिंपडलं, आणि ते अंगच झाडेना? अंग झाडलं की त्याचा होकार, तोवर सुरी उचलायची न्हाई. पाव्हणे उपाशी, चुलीवर नुसतंच आधण उकळतंय, आणि तुमी आपले बकऱ्यासमोर उकिडवे. माझा भाऊ म्हणाला, "दाजी, बादली ओता, झाडत कसं न्हाई बघू!" तुमी दोरीच सोडलीत. "न्हाई म्हणतंय ते." सगळ्यांना पिठलं वाढलं मी. आणि त्या बकऱ्यानं पुढं माझी दोन लुगडी खाल्ली!

पण खरं सांगू? अंगावर पाणी पडलं की कुणीबी शहारतं. त्याला होकार म्हणायचं आपण. बकऱ्याला काय कळत होतं? ते थांबणं सुरी धरणाऱ्यासाठी होतं. तेवढ्या घटकेत तरी माणूस त्या जिवाकडं नीट बघतो.

हेच पोरीला सांगितलं. "उंदीर हो म्हणणार न्हाई. म्हणाला असं समजून मनाला फसवू पण नको. त्याच्याकडं बघ, आणि मनाला विचार, यातून खरंच काय कळायचं राहिलंय का? नसंल तर सुरी ठेव खाली, सर किती का ओरडंना. आणि आज्याच्या नावावर मारू नको. त्याला चालायचं न्हाई."

"आणि कळायचं राहिलं असंल तर?"

"तर तुलाच करावं लागंल, बाई."

लिहिता लिहिता थांबलीय बघा. अगं, नाक पूस, कागद भिजवशील! ...म्हणतेय, सोमवारी जाते.

तर कारभारी, तुमाला शब्द देते. सोमवारच्या एसटीत मी तिच्या शेजारी बसणार. आत मला सोडत न्हाईत, तसा नियम हाये म्हणे. राहू दे, मी बाहेर बाकड्यावर बसेन. पोरगी पहिल्यांदा ते करून दाराबाहेर येईल, तेव्हा घरचं माणूस समोर असंल. पुढचं चहा पिताना बघू.

तुमचीच,
ठकूबाई