सुकलेली चादर दोरीवर

ट्रॉम्बेहून आल्यावर वाचावे. मालन मुलुंडला बहिणीकडे गेली आहे, सातपर्यंत येईल. आमटी झाकून ठेवली आहे, फक्त गरम करावी.

मालनचा अबोला चालू आहे, म्हणून हे कागदावर. बोटीच्या भंगारातून आणलेल्या, कपडे धुऊन वाळवणाऱ्या मशीनच्या त्या जुन्या धुडाने दुरुस्तीपायी आठ महिने गॅलरी अडवली. मालनला कपडे वाळत घालायला एकच दोरी उरली. म्हणून तिने आज, घरात न विचारता, भंगारवाल्याला बोलावलं होतं. चुकलंच तिचं.

तो म्हणाला, "चालू आहे की बंद, ते बघून ठेवा, बाजूच्या बिल्डिंगमध्ये जाऊन येतो." मालनने सोलापुरी चादर आत टाकून बटण फिरवलं. पिठाच्या गिरणीच्या जुन्या पट्ट्यातून घरधन्यांनी स्वतः कापून बसवलेला तो पट्टा तसूभर सरकला नाही. पाण्याचा थेंब गळला नाही. दोन तासांनी चादर निघाली ती कोरडी ठणठणीत, तव्यावरच्या भाकरीसारखी गरम. मालनने ती झटकली आणि सवयीने दोरीवर वाळत घातली. वर चिमटेसुद्धा लावले!

भंगारवाला परत आला, चादर बघून म्हणाला, "म्हणजे मशीन बिघडलेलंच आहे ना, बाई?"

"मशीन झकास आहे," मालन म्हणाली, "बाई बिघडलीय." आणि त्याला वाटेला लावलं.

चादर तेवढी काढून घडी घालावी.

अहो, काय हात आहे हो तुमचा! बाकीचं आल्यावर तोंडी सांगते.