बाबांची झडप

प्रिय दादा,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही. अर्जदाराशी परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही, असा आमच्या पेटंट कार्यालयाचा नियम आहे, आणि सध्या तू माझा भाऊ कमी, अर्जदार जास्त आहेस.

तुझ्या कंपनीचा अर्ज नेमका माझ्याच टेबलावर आला. नवजात बाळांच्या श्वासयंत्राची झडप, म्हणे संपूर्ण नवीन शोध! आकृती पाहून मला हसूच आलं. दवाखान्याच्या वर्कशॉपमध्ये बाबा ती सलाईनच्या नळीपासून बनवायचे. कोणी विचारलं की आकृती काढून द्यायचे, वर चहाही पाजायचे. लहानसहान दवाखाने आजही ती तशीच बनवतात. तुला पेटंट मिळालं, तर त्यांना परवानगीसाठी तुझ्या दारात उभं राहावं लागेल.

नात्यातला अर्ज म्हणून मी फाइल शेजारच्या टेबलाकडे दिली. तिथेच गप्प बसले असते, तर तू सुटला असतास, कारण आठवणी पुरावा म्हणून चालत नाहीत, छापलेलं काहीतरी लागतं. पण आईच्या कपाटात दवाखान्याचं जुनं वार्तापत्र सापडलं. आकृती, मापं, तारीख, सगळं त्यात आहे. त्याची प्रत मी माझ्या सहीनिशी रीतसर जमा केली.

तू रागावशील, कदाचित बोलणंही टाकशील. पण तो अंक एकदा नीट बघ. फोटोत झडप तोंडाला लावून गाल फुगवणारा नऊ वर्षांचा पोरगा तू आहेस, आणि खाली झडप बनवणारा म्हणून बाबांनी स्वतःचं नाही, तुझं नाव छापायला लावलंय.

तुझी,
धाकटी