उबदार संडासाची कैफियत

ती. मामांना,
उंचावर अडकलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (आडवं व्हायला इथे जागा पुष्कळ आहे, पण ती स्वच्छ असेलच अशी हमी देता येत नाही, म्हणून नमस्कार उभ्यानेच घातला आहे. गोड मानून घ्यावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा पारा कसा आहे? माझी तब्येत बरी आहे, म्हणजे धाप लागते, ओठ फुटलेत आणि भूक मेली आहे, पण इथे याला बरी म्हणतात.

मी इथे काय करतो असं तुम्ही मागे विचारलं होतंत आणि मी ‘पर्यावरणाचं काम’ असं मोघम उत्तर दिलं होतं. खरं सांगायचं तर मी इथे डोंगरावरच्या ट्रेकरांच्या तळावर संडास बांधला. इतक्या उंचीवर थंडीमुळे काही कुजत नाही. ट्रेकर मंडळी जे मागे ठेवून जातात ते पिढ्यान् पिढ्या तसंच राहतं (आपल्या घराण्यात इतकं टिकाऊ कोणी काही ठेवलेलं नाही). बर्फ वितळलं की ते सगळं झऱ्यात उतरतं आणि तळावरचा आचारी त्याच झऱ्याचं पाणी चहाला घेतो. म्हणून मी असा संडास आखला, की पातळ एकीकडे जावं, घट्ट दुसरीकडे, आणि ते उन्हाने वाळून हलकं झालं की पोत्यात भरून खेचरांवरून खाली न्यावं. पाणी नको, वीज नको. ऊन यावं म्हणून एक अख्खी भिंत काचेची (बाहेरून आतलं दिसत नाही, काळजी नसावी) आणि वास जावा म्हणून वर उंच नळकांडं. मी स्वतःवर फार खूश होतो.

चूक एवढीच झाली, की साऱ्या तळावर ऊब असलेली ती एकमेव खोली ठरली. वासही नाही, शिवाय काचेतून समोर शिखर. आत गेलेला माणूस बाहेर येईना. कोणी मोजे वाळवतो, कोणी पत्रं लिहितो, एक जोडपं तर आत भांडून, समेट करूनच बाहेर आलं. रांगेत कुडकुडणारे शेवटी वैतागून पूर्वीसारखे दगडांआड जातात. म्हणजे संडास लख्ख आणि डोंगर घाण. मी बसायची जागा अरुंद केली, लोक तिरके बसले. ‘आटोपते घ्या’ अशी पाटी लावली, तिच्यावर कोणीतरी टोपी वाळत घातली. काचेला पडदा लावला, तर आतलं वाळण्याऐवजी गोठून दगड झालं आणि ते मलाच छिन्नीने फोडावं लागलं. मामा, मी हात टेकले. सकाळी उठावंसंच वाटत नाही.

मग तपासणीला डोंगरखात्याचे साहेब आले आणि आत गेले. त्यांचा चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. बरोबरचे कारकून एकमेकांकडे न बघता दगडांआड जाऊन आले. साहेब बाहेर आले ते गुलाबी होऊन. म्हणाले, खोली उत्तम आहे, एक खाट सहज मावेल. तेवढ्यात आचारी रिकामी बादली घेऊन समोर उभा राहिला.

“साहेब, झऱ्याला वास मारतोय. आता चहा कशाचा करू?”

साहेबांनी नुकताच उचललेला गार चहाचा कप खाली ठेवला. पुढच्या भेटीपर्यंत झरा स्वच्छ दिसला नाही तर तळ बंद, असं बजावून ते उतरले. तळ बंद म्हणजे आचाऱ्याची चूल बंद, आणि त्याला कारण मी. तो आता कप देताना माझ्याकडे बघत नाही. ते फार लागतं.

घरी सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुमचा,
भाचा

ता.क. खरं तर हे पत्र मामींसाठी आहे, तुम्ही फक्त वाटेत आलात. लहानपणी तुम्ही पेपर घेऊन आत बसायचात, आम्ही भाचरं बाहेर पाय आवळून उभी, आणि तुम्ही आतून ‘झालंच’ म्हणायचात, ते काही होत नसे. मग मामी दाराशी येऊन हळूच एक वाक्य बोलायच्या आणि तुम्ही पेपर अर्धवट टाकून बाहेर. ते वाक्य काय होतं, ते त्यांना विचारून जसंच्या तसं कळवा. नवी पाटी तयार ठेवली आहे.

ता.क. दुसरा. या थंडीत माझं अक्षर इतकं नीट कसं, असं मामी विचारतीलच. बोटं उबेत आहेत. आत्ता दार वाजलं, मी ‘झालंच’ म्हणालो. पावलं जरा थांबली आणि मग बादलीचा आवाज करत दगडांकडे गेली.